सतरा इंच

गेल्या जूनमध्ये घराजवळच्या चौकात पिकअप वळवत असताना माझ्या डाव्या तळहाताची कातडी स्टिअरिंगच्या भेगेत सापडली. ही भेग मोठी खट्याळ होती. स्टिअरिंगवर जोर दिला की ती उघडत असे आणि जोर काढला की मिटत असे, त्यामुळे वळण संपताना तिने हात धरून ठेवावा हे तिच्या स्वभावातच होते. रक्त फार आले नाही, पण पट्टी लावता लावता बायको म्हणाली, "आता तरी बदल ते." त्या "आता तरी"मध्ये तीन वर्षांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हॉकीच्या काठीला गुंडाळतात तशी कापडी पट्टी भेगेवर गुंडाळली आणि नव्या स्टिअरिंगच्या शोधाला लागलो. हा शोध पुढच्या एप्रिलपर्यंत लांबेल, असे त्या वेळी अजिबात वाटले नव्हते.

ही पिकअप म्हणजे १९६६ सालची शेव्हरले सी-१०. या नावातला 'सी' म्हणजे मागच्या दोन चाकांवर चालणारी; चारही चाकांवर चालणारीला 'के' म्हणत असत; आणि दहा हा आकडा अर्ध्या टनाच्या वर्गाचा, म्हणजे तिच्या भावंडांत ही सर्वांत हलकी. माझ्या गाडीच्या क्रमांकातले 'एफ' हे अक्षर ती मिशिगन राज्यातल्या फ्लिंटच्या कारखान्यात जुळवली गेल्याचे सांगते. स्टिअरिंगचा गिअरबॉक्स ज्या सॅगिनॉच्या नावाने ओळखला जातो, ते गाव फ्लिंटहून उत्तरेला तासाभराच्या आत येते, आणि मी राहतो ते डेट्रॉइटचे उपनगर फ्लिंटच्या दक्षिणेला साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. ज्या वृद्ध शेतकऱ्याकडून मी ती घेतली, त्याचे शेत सॅगिनॉच्या खाडीकडे. तिकडची साखर उसाची नसून बीटची असते. त्याच्या शेतात बीटचे ढीग पाहून मला आमच्याकडच्या कारखान्याच्या गव्हाणीपुढे उभ्या असलेल्या उसाच्या बैलगाड्या आठवल्या आणि का कोण जाणे, भाव करण्याचे माझ्याकडून राहूनच गेले.

स्टिअरिंग व्हीलला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न मी फार ताणणार नाही. चाक म्हटले तर रस्त्यावर फिरणारे डोळ्यांपुढे येते, सुकाणू म्हटले तर होडी आठवते, आणि माझे मामा ज्याला आयुष्यभर 'ष्टेरिंग' म्हणत आले, त्याला मी इथे स्टिअरिंगच म्हणणार आहे.

आधी जुन्याची नीट तपासणी केली. साधे, काळे, दोन आऱ्यांचे स्टिअरिंग. मध्ये हॉर्नचे बटण. मोजपट्टी लावली तर व्यास सतरा इंचांच्या आसपास भरला, म्हणजे आजच्या कोणत्याही मोटारीच्या मानाने मोठे ताटच. कडी मात्र बारीक, करंगळीहून थोडी जाड, आणि मागच्या बाजूला बोटे बसावीत म्हणून खाचा. आत पोलादी सळईचे कडे असते आणि त्यावर प्लास्टिक ओतलेले असते. त्या पिढीतील कित्येक अमेरिकन गाड्यांच्या स्टिअरिंगसाठी सेल्युलोजपासून केलेले प्लास्टिक वापरत. पेचकसाच्या जुन्या, अर्धपारदर्शक मुठी त्याच कुळातल्या. हे प्लास्टिक सुंदर चमकते, हाताला गार लागत नाही, पण वर्षानुवर्षे उन्हात राहिले की त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य उडून जाते आणि ते आक्रसते. आतले पोलाद मात्र आक्रसत नाही. त्यात मिशिगनचा हिवाळा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो आणि उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये हात लावता येत नाही. तापमानाबरोबर प्लास्टिक पोलादाच्या साधारण दहापट फुगते आणि तितकेच आखडते. साठ वर्षे अशी ओढाताण चालली की सर्वांत अवघडलेल्या जागी, म्हणजे आरे कडीला मिळतात तिथे, भेग पडणारच. माझ्या स्टिअरिंगला अशा सात भेगा होत्या. त्यांपैकी चार भेगा आऱ्यांच्या सांध्यांवर होत्या.

आणि एक जागा वेगळी होती. डाव्या बाजूला, घड्याळातल्या नऊ आणि दहाच्या दरम्यान, चार बोटे रुंदीचा पट्टा इतका गुळगुळीत झाला होता की मागच्या खाचा तिथे जवळजवळ बुजल्या होत्या. त्या शेतकऱ्याचे डावे कोपर खिडकीवर आणि डावा हात त्या जागी, उजवा हात स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर. साठ वर्षांची बैठक त्या पट्ट्यात उमटलेली होती. मी तिथे हात ठेवून पाहिला. माझा हात तिथे आपोआप जात नव्हता, कारण मी पुण्याच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो आणि खिडकीबाहेर कोपर काढले की तिथल्या सरांची छडी बसत असे.

नवे घ्यायचे म्हटल्यावर पर्याय भरमसाट निघाले. हुबेहूब जुन्यासारखे, त्याच मापाचे, नव्याने ओतलेले स्टिअरिंग मिळते. त्याच चेहऱ्याचे पण पंधरा इंचांचे, म्हणजे घरातल्या थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला बेतून शिवल्यासारखे, असेही मिळते. मग इटालियन घराण्याची लाकडी आणि चामडी स्टिअरिंग आहेत. त्यांपैकी एका घराण्याचे नाव एन्रिको नार्दी यांचे. दुसरे मोमो, जे जानपिएरो मोरेत्ती या शर्यतवीराने आपल्यासाठी जाड मुठीचे स्टिअरिंग करून घेतले त्यातून उभे राहिले, आणि १९६४ साली जॉन सर्टीझ यांनी फेरारीमधून जगज्जेतेपद मिळवले तेव्हा त्यांच्या हातात त्याच घडणीचे स्टिअरिंग होते. याशिवाय अखंड अॅल्युमिनियमच्या लादीतून कोरून काढलेली चकचकीत स्टिअरिंग आहेत, जी मला हॉटेलच्या लिफ्टमधल्या कठड्यासारखी वाटतात, म्हणून त्यांच्याबद्दल यापुढे काही लिहीत नाही. आणि शेवटी, चामड्याचे किंवा रेक्झिनचे आवरण दोऱ्याने शिवून भेगा झाकणे. हा मार्ग मला भावनिक कारणाने जवळचा. आमच्याकडच्या ट्रकवाल्यांची स्टिअरिंग रंगीत प्लास्टिकच्या वायरीने विणलेली असत, आणि लहानपणी त्या विणकामाइतके श्रीमंत मी दुसरे काही पाहिले नव्हते. पण भेग झाकली म्हणजे भरली जात नाही. आतल्या पोलादाला ओल लागते, गंज चढतो आणि दुखणे वाढत राहते.

जुलैत मी पुठ्ठ्याची चार वर्तुळे कापली: सतरा, सोळा, पंधरा आणि चौदा इंचांची. वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, मधला भाग कोरून काढलेला, म्हणजे नुसत्या कड्याच. एकेक कडी जुन्या स्टिअरिंगपुढे धरून मी केबिनमध्ये बसून राहत असे. शेजारचे गृहस्थ कुत्र्याला फिरवताना दोनदा थांबून पाहून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलेच, आणि कारण कळल्यावर स्वतः आत बसून सोळा इंचांना मत दिले. या पोरखेळातून एक गोष्ट मात्र पक्की कळली. सतरा इंचांच्या कडीच्या वरच्या अर्ध्या भागातून वेगमापक आणि इंधनाचा काटा मोकळे दिसतात. पंधरा इंचांची कडी वेगमापकाच्या नेमक्या त्या आकड्यांना आडवी येते, ज्या आकड्यांवर मी ही गाडी चालवतो. खाली, मांडी आणि कडी यांच्यामध्ये, सर्वांत लहान वर्तुळाने दीड इंच जागा मिळते हे खरे. सलग बाकासारख्या सीटवर चढताना ती जागा पोटालाही उपयोगी पडते. हा मुद्दा बायकोने काढला, मी नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते. १९९५पासून भरणारी ही मिरवणूक म्हणजे खरे तर गर्दीने रखडलेली वाहतूकच, फक्त सगळे हौसेने अडकलेले. तोपर्यंत मी तिथे इंजिने ऐकायला जात असे. त्या वर्षी मात्र फर्नडेलकडच्या पदपथावर खुर्ची टाकून मी फक्त हात पाहिले. ताशी पाच मैलांच्या त्या रांगेत प्रत्येकाची केबिन सावकाश पुढून जाते, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो. लहान, देखणी स्टिअरिंग असलेल्या पिकअप बऱ्याच होत्या, पण त्यांतले बहुतेक चालक दोन बोटांनी गाडी वळवत होते. म्हणजे आत पॉवर स्टिअरिंग, वळवण्याचे बळ पंपाकडून घेणारे, बसवलेले. मोठ्या, जुन्या स्टिअरिंगवाले दोन्ही हातांनी, खांद्यातून वळवत होते. एका पन्नासच्या दशकातल्या शेव्हरले पिकअपमध्ये सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी गाडी बाजूला घेताना कडीची वरची बाजू पकडून असे काही ओढले, की विहिरीवर रहाट ओढणारी माणसे आठवावीत. हे सगळे पाहूनही, जे समजायला हवे होते ते मी त्या दिवशी समजून घेतले नाही, कारण त्याच संध्याकाळी एका गाडीत अक्रोडी रंगाचे लाकडी स्टिअरिंग दिसले आणि माझी मती फिरली.

चौदा इंचांचे ते लाकडी स्टिअरिंग सप्टेंबरमध्ये घरी आले. ते बसवण्यासाठी गाडीचा दांडा आणि स्टिअरिंग यांना जोडणारा एक मधला तुकडा लागतो, आणि त्या तुकड्यावरची भोके स्टिअरिंगच्या भोकांशी जुळावी लागतात. मोमोच्या पद्धतीत सहा बोल्टांचे वर्तुळ सत्तर मिलिमीटरचे असते आणि नार्दीच्या पद्धतीत चौऱ्याहत्तरचे. मी स्टिअरिंग एका पद्धतीचे मागवले आणि तुकडा दुसऱ्या. चूक सर्वस्वी माझी. दोन्ही वस्तूंच्या पानावर माप ठळक छापलेले होते. व्यासात चार म्हणजे प्रत्येक भोकाला दोन मिलिमीटरचा फरक. डोळ्याला तो इतका किरकोळ दिसतो, की मी अर्धा तास बोल्ट तिरके घालून पाहत होतो. दुसरा तुकडा येईपर्यंत आठवडा गेला. मग हॉर्नची वायर. या गाड्यांत हॉर्नचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, बटणामार्फत जमिनीला, म्हणजे गाडीच्या लोखंडाला, जोडला गेला की हॉर्न वाजतो. त्यामुळे उघडी वायर कुठेही घासली की गाडी ओरडू लागते. रविवारी सकाळी सात वाजता मी उजवे वळण घेताच तिने संपूर्ण गल्लीला उठवले, आणि मी स्टिअरिंग सरळ करीपर्यंत ती थांबली नाही.

हे सगळे निस्तरल्यावर तीन आठवडे मी ते स्टिअरिंग वापरले. महामार्गावर ते छानच होते. हाताला लाकूड लागते, गाडी जराशा इशाऱ्यावर वळते, आपण कोणीतरी आहोत असे वाटते. खरा प्रसंग आला तो भारतीय किराणा दुकानाच्या आवारात. शनिवारची संध्याकाळ, दोन गाड्यांमधली एकच मोकळी जागा आणि मागे थांबलेल्या गाड्यांची रांग. गाडी जागच्या जागी उभी असताना पुढची चाके वळवायची म्हणजे टायर डांबरावर रगडायचे असतात, आणि ते रगडण्याचे बळ आपल्या दंडातून यायचे असते. तिसऱ्या झटक्याला माझ्या उजव्या खांद्यात कळ आली. त्या खांद्याचा इतिहास वेगळाच आहे, त्यात शिरत नाही. बायकोने आपण करते म्हणून चालकाची जागा घेतली, तर तिच्याने स्टिअरिंग हललेच नाही. शेवटी आम्ही शंभर पावलांवरच्या रिकाम्या कोपऱ्यात गाडी लावली आणि वीस पौंडांचे पीठ आणि तांदूळ तिथवर वाहून नेले.

त्या रात्री मी मामांना फोन केला. मामांनी बत्तीस वर्षे एस.टी.वर काढली, त्यातली बरीचशी पुणे-नाशिक रस्त्यावर, चंदनापुरी घाट चढत-उतरत. महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला धावली, हे ते आजही घरातल्या लग्नाची तारीख सांगावी तसे सांगतात. मी त्यांना सगळे सविस्तर सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच विचारले, "पावर आहे का त्याला?"

"नाही, मामा."

"मग बारकं कशाला बसवलंस? खांदा सांभाळ, बाबा. आमचं ष्टेरिंग एवढं मोठं होतं ते काय शोभेला होतं का?" आणि मग, जरा थांबून, "वळणावर आम्ही सीटवरनं उठायचो. अंगाचं वजन टाकायचं त्याच्यावर. हातानं नाही वळत ते."

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला. खरे तर हा हिशेब शाळेतला आहे आणि मी व्यवसायाने अभियंता आहे, म्हणून तो मला सप्टेंबरच्या आधीच सुचायला हवा होता. स्टिअरिंग ही एक तरफ आहे. दांड्याला जेवढा पीळ द्यायचा असतो तो गाडीने ठरवलेला असतो. त्रिज्या कमी केली की हाताचे बळ त्याच प्रमाणात वाढते. सतराला चौदाने भागले की १.२१ येतात, म्हणजे एकवीस टक्के जास्त जोर. पंधरा इंचांना तेरा टक्के. उलट बाजूने पाहिले तर सतरा इंचांच्या कडीवर एका पूर्ण फेऱ्यात हाताला सुमारे ५३ इंचांचा प्रवास करावा लागतो आणि चौदा इंचांच्या कडीवर ४४ इंचांचा. एकूण कष्ट दोन्हीकडे तेवढेच. लहान स्टिअरिंगवर हप्ते मोठे आणि कमी, मोठ्यावर हप्ते लहान आणि जास्त. फ्लिंटच्या त्या माणसांनी स्टिअरिंगचा आकार सुंदर दिसावा म्हणून ठरवला नव्हता. पॉवर स्टिअरिंगसाठी ज्याच्याकडे जादा पैसे नव्हते, त्याच्या पदरात त्यांनी त्या पंपाऐवजी तीन इंच टाकले होते, आणि मी ते तीन इंच अक्रोडी रंगावर भाळून परत केले होते.

पॉवर स्टिअरिंगच का बसवत नाही, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. बसवता येते, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांनी बसवलेही आहे. माझे उत्तर थोडे हट्टाचे आहे, ते मी कबूल करतो: या गाडीत रस्ता हाताला जसा कळतो, खडी कुठे संपली आणि डांबर कुठे सुरू झाले हे डोळे मिटूनही सांगता येते, ते मला पंपाच्या पलीकडे ढकलायचे नाही. बाकी आठवडाभर मी जी मोटार चालवतो, तिचे स्टिअरिंग एका बोटाने फिरते आणि रस्त्याबद्दल ते मला काहीही सांगत नाही.

आणखी एक विचार मी शेवटपर्यंत टाळत होतो. लाकडी स्टिअरिंगच्या त्या मधल्या तुकड्यामुळे कडी माझ्या छातीच्या जवळजवळ तीन इंच जवळ आली होती. टकरीत दबून आखूड होणारा स्टिअरिंगचा दांडा जनरल मोटर्सने आपल्या मोटारींत १९६७च्या मॉडेलपासून आणला, आणि चालकाच्या छातीला स्टिअरिंगपासून वाचवण्यासंबंधीचे अमेरिकी सरकारचे नियम मोटारींना १ जानेवारी १९६८पासून लागू झाले. पिकअपना ते त्याहून बरेच उशिरा लागले. माझी गाडी या सगळ्याच्या आधीची. तिचा दांडा दबत नाही. समोरून धडक बसली तर तो मागे येईल, आणि त्याच्या टोकाला जे काही असेल ते माझ्या बरगड्यांना भेटेल. कमरेचा पट्टा मी बसवून घेतला आहे आणि जोरात कधी जात नाही. तरीही तिथे लाकूड असावे की पोलादाचे कडे, आणि ते तीन इंच पुढे असावे की मागे, याचे उत्तर सौंदर्यदृष्टीने द्यायचे नसते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लाकडी स्टिअरिंग खोक्यात गेले. दोन महिन्यांनी ते एका तरुणाने नेले, ज्याच्या गाडीला पॉवर होती. हे मी त्याला आधी विचारून घेतले.

त्याच्या जागी जुन्या मापाचे, नव्याने ओतलेले स्टिअरिंग आणले. दीडशे डॉलरांच्या घरात मिळाले आणि पहिल्याच फटक्यात बसले. त्याबद्दल तक्रार करायला मला फारशी जागा नाही. कडी मूळच्याहून किंचित जाड, मागच्या खाचा साच्यातून नुकत्याच निघाल्यासारख्या धारदार, काळा रंग जरा जास्तच काळा. किराणा दुकानाच्या आवारात गाडी पहिल्याच प्रयत्नात लागली. प्रश्न इथे मिटायला हवा होता, आणि कोणी मला सल्ला विचारला तर मी त्याला हेच सांगतो: पॉवर नसेल तर मूळ मापाचे नवे स्टिअरिंग घे आणि गाडी चालवायला लाग.

पण जुने स्टिअरिंग गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेले होते. दर वेळी गाडी आत घेताना त्याच्या डाव्या बाजूचा तो गुळगुळीत पट्टा हेडलाइटच्या उजेडात चमकत असे. एका व्यावसायिकाला विचारले, तर त्याने कडी पूर्ण नव्याने ओतून द्यायचे सातशे डॉलर सांगितले; पण ओतणार म्हणजे जुने प्लास्टिक काढून टाकणार, आणि तो पट्टाही त्यासोबत जाणार. मग आतल्या पोलादासाठी सातशे डॉलर कशाला मोजायचे? नोव्हेंबरात बर्फ पडले, गाडी झाकली गेली आणि ते स्टिअरिंग मी स्वतःच दुरुस्त करायला घेतले.

काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. भेग भरायची तर आधी ती मोठी करावी लागते, हे पहिल्यांदा करताना जिवावर येते. हेक्सॉच्या पात्याने आणि त्रिकोणी कानशीने प्रत्येक भेग आतल्या पोलादापर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडली. घासताना उग्र, खवट लोण्यासारखा वास सुटला. माझ्या आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत पेचकसांना येई तोच. दोन सांध्यांत पोलादावर तांबूस गंज होता, तो खरवडला, मग अॅसिटोनने पुसून घेतले. भरण्यासाठी दोन भागांचे घट्ट इपॉक्सी वापरतात. आपल्याकडे गळक्या नळाला एम-सील लावतात त्याचाच हा धिप्पाड नातेवाईक. गॅरेजमध्ये चार अंश तापमान होते आणि त्या थंडीत इपॉक्सी दोन दिवसांनीही च्युइंगमसारखे राहिले. म्हणून स्टिअरिंग घरात आले आणि गरम हवेच्या झडपेशेजारी, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला, जुन्या वर्तमानपत्रावर विराजमान झाले. थॅंक्सगिव्हिंगला आलेल्या पाहुण्यांनी तिथे पुरणपोळी खाल्ली. मुलीने सर्वांना सांगितले की बाबांचे पेशंट आहे.

रंग हा खरा पेच होता. भेगा भरल्या की नियमानुसार सगळीकडे अस्तर मारायचे, रंग द्यायचा, वर चकाकीचा थर. मग भेगा कुठे होत्या हे कुणालाही कळत नाही. पण रंगाचा थर त्या गुळगुळीत पट्ट्यावरही बसणार. खाचा बुजलेल्या राहतील, पण हाताला लागणार ते दुकानातले वार्निश. मी आठवडाभर काहीच केले नाही. शेवटी पहिल्या दोन भेगांतले राखाडी इपॉक्सी पुन्हा कोरून काढले, नव्या मिश्रणात काळे रंगद्रव्य कालवले आणि सातही भेगा तशा भरल्या. ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरपासून सुरू करून दोन हजारांपर्यंत घासत गेलो, शेवटी कापडाने पॉलिश. रंग नाही. भरलेल्या जागा मूळच्याहून किंचित मंद दिसतात, जवळ गेले की सहज ओळखू येतात. मिरवणुकीत कोणी बक्षीस देणार नाही. गुळगुळीत पट्ट्याला मी पॉलिशपेपर लावलाच नाही.

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर बदली करायची ठरवली. स्टिअरिंग काढायला पुलर लागतो. इथली सुट्या भागांची दुकाने अनामत रक्कम घेऊन तो वापरायला देतात आणि परत केला की रक्कम मिळते. बॅटरीची तार आधी सोडायची, हॉर्नचे बटण काढायचे, मग मधला नट. नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे शिल्लक ठेवायचे. कारण पुलरने ओढलेले स्टिअरिंग सुटते तेव्हा ते एकदम सुटते आणि समोर आपले तोंड असते. हे मी सप्टेंबरात शिकलो होतो. हातोडा मात्र वापरायचा नाही. दांड्यावरचा प्रत्येक घाव खाली बेअरिंगला लागतो.

जुने स्टिअरिंग पुन्हा बसवताना दांड्यावरच्या दात्यांवर नेमके बसवावे लागते. स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सला स्वतःचा एक मध्यबिंदू असतो. तिथे आतले दाते मुद्दाम जरा घट्ट ठेवलेले असतात, म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी भरकटू नये. गाडी सरळ असताना गिअरबॉक्स त्या मध्यावर आणि आरे आडव्या रेषेत, असे दोन्ही जमले पाहिजे. एक दात इकडे किंवा तिकडे झाला की स्टिअरिंग तिरके दिसते, आणि वळण संपल्यावर इंडिकेटरही वेळेवर परत येत नाही. मी दांड्यावर खडूने खूण केली होती. ती खूण थंडीत पुसली गेली होती, हे मला नट आवळून झाल्यावर लक्षात आले.

फिरायला निघालो. बायको शेजारी, मुलगी तिच्यापलीकडे, तिघेही त्या एकाच सलग बाकावर. चौकातल्या त्याच वळणावर मी डावा हात घट्ट धरला. काहीही चिमटले नाही. महामार्गाला समांतर जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आलो तेव्हा, खिडकी उघडी असल्यामुळे असेल, माझे कोपर कधी बाहेर गेले ते मला कळले नाही. डावा हात नऊ आणि दहाच्या मध्ये होता. तो पट्टा हाताला कोमट लागला. ऊन त्याच बाजूने येत होते.

"तिरकं आहे," बायको म्हणाली.

पाहिले तर रस्ता सरळ होता आणि डावा आरा उजव्यापेक्षा बोटभर खाली. इंडिकेटर मागच्या वळणापासून टिकटिकत होता, तो मी हाताने बंद केला. पुलर आदल्या दिवशीच परत करून अनामत घेतली होती, आणि ते दुकान रविवारी पाचला बंद होते. घड्याळात सव्वाचार झाले होते. मी पुढच्या चौकात गाडी वळवली.